मदत पोहोचली, हिंसा घटली का?

[सातपुडा, नंदुरबार जिल्ह्यातला धडगाव तालुका. उतारावर समतल चर खोदण्याचे काम.]

सकाळची हजेरी झाली आहे आणि मुरमात कुदळी पडू लागल्या आहेत. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणारे एखादे कुटुंब अशा कामामुळे गावी थांबले, तर तो रोजगार हमीचा उघड लाभ आहे. मात्र अशा योजनांकडून अनेक सरकारांनी आणखी एक अपेक्षा धरली: हाताला काम मिळाले, की तरुण सशस्त्र गटांकडे वळणार नाहीत.

२००६ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा प्रथम २०० मागास जिल्ह्यांत लागू झाला. त्यांत धुळे, नंदुरबार होते आणि माओवादी हिंसेने पोळलेले गडचिरोलीही होते. पण हे जिल्हे मुळातच वेगळे होते; योजनेने हिंसा घटली का हे पाहण्यासाठी त्यांची उरलेल्या जिल्ह्यांशी थेट तुलना करणे म्हणजे इथल्या मुरमाड रानाशेजारी तापीकाठची काळी जमीन ठेवून खताचा गुण ठरवणे होय.

अफगाणिस्तानात ही अडचण सोडतीने टाळली. ५०० गावांपैकी निम्म्या गावांना सोडत काढून ग्रामविकासाचा निधी आधी दिला. तेथे लोकांचे सरकारविषयीचे मत सुधारले आणि हिंसाही घटली; पण पाकिस्तानच्या सीमेलगत, जेथे लढणारे बाहेरून येत, तेथे हा परिणाम दिसला नाही. फिलिपिन्समध्ये तर मदतीस पात्र ठरलेल्या भागांत संघर्ष वाढला, कारण योजना यशस्वी झाल्यास आपला पाठिंबा आटेल या भीतीने बंडखोरांनी ती उधळण्याचा प्रयत्न केला, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे.

भारतातले निष्कर्षही जुळत नाहीत. एका अभ्यासात रोजगार हमी आल्यावर सुरुवातीला हिंसा वाढलेली आढळली. दुसऱ्यात, जेथे प्रशासनाने योजना नीट राबवली तेथे, विशेषतः आंध्र प्रदेशात, ती घटलेली दिसली. हा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो निधीच्या आकड्यावर न थांबता कारभाराकडे बोट दाखवतो.

[शहादा. बाजाराचा दिवस.]

दारिद्र्य गडचिरोलीत होते, तसे नंदुरबारातही होते. तरीही माओवादी चळवळ येथे रुजली नाही. याचे एकच कारण सांगणे घाईचे ठरेल. परंतु १९७० च्या दशकात याच शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि शेतमजुरांची श्रमिक संघटना यांच्या लढ्यात आदिवासींनी हातून गेलेल्या जमिनी मोर्चे काढून, सभा घेऊन परत मागितल्या होत्या. गाऱ्हाणे उघडपणे मांडण्याची ही वाट खर्चाच्या कोणत्याही अहवालात सापडत नाही.

[पुन्हा धडगाव. चराला मापनपट्टी लावली जात आहे.]

खोदलेल्या चराची लांबी, रुंदी, खोली वहीत उतरते. पंधरा दिवसांत मजुरी हाती आली का, आणि न आल्यास मजुराची तक्रार कोणी ऐकली, याचा रकाना मूल्यमापनाच्या तक्त्यातही हवा.