भिंत जांभळी की निळी?

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठात चित्रकला घेतलेली मुलं हमखास विचारतात, आम्हाला रंगवायचं आहे, मग कलेच्या इतिहासाचे पेपर कशाला? आणि इतिहासवाली मुलं विचारतात, आम्हाला लिहायचं आहे, मग स्टुडिओत हात कशाला माखायचे? दोघांनाही मी व्हॅन गॉगच्या खोलीत नेतो.

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं ऑक्टोबर १८८८मध्ये आपली निजायची खोली रंगवली. पिवळा पलंग, दोन खुर्च्या, लाल पांघरूण आणि निळ्या भिंती. विद्यार्थी चित्र बघतो आणि लिहून टाकतो: निळा रंग, म्हणजे थंडपणा, एकाकीपणा. दोन पानं सहज भरतात.

पण भाऊ थिओला चित्रकारानं त्याच महिन्यात पत्र लिहून एकेक रंग सांगितला आहे. पलंग ताज्या लोण्यासारखा पिवळा, खिडकी हिरवी, दारं फिकी जांभळी. आणि भिंती? भिंती फिक्या जांभळ्या. पुन्हा सांगतो, जांभळ्या. निळ्या नव्हेत.

मग जांभळा गेला कुठे? निळ्यात लाल मिसळून तो केलेला होता, आणि ते लाल ‘लेक’ जातीचं होतं. लेक म्हणजे द्रवात विरघळणारं रंजक एखाद्या पांढऱ्या क्षारावर बसवून केलेली भुकटी. दिसायला झळझळीत, पण उजेडात टिकत नाही. लाल विटलं, निळं मागे उरलं. उन्हात वाळत घातलेल्या कपड्याचं होतं तेच. हे रंग कच्चे आहेत, हे व्हॅन गॉगला ठाऊक होतं; म्हणून ते भडकच लावावेत, काळ त्यांना मवाळ करीलच, असं त्यानं थिओला आधीच कळवलं होतं.

आता निबंधाचं काय होतं पाहा. पिवळा आणि जांभळा हे विरोधी रंग, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणारे. पिवळा पलंग जांभळ्या भिंतीवर, लाल पांघरूण हिरव्या खिडकीसमोर, अशा जोड्या जुळवून व्हॅन गॉगला विश्रांतीचा भाव आणायचा होता. भिंत निळी धरली की पिवळ्याची जोडी तुटते आणि सगळा अर्थ घसरतो. पत्र वाचणं हा इतिहास. लाल का विटलं, हा स्टुडिओ. एकाला सोडून दुसरं अर्धवटच राहतं.

याच चित्राच्या तीन आवृत्त्या आहेत. पहिलीला पुराच्या ओलीनं इजा झाली, म्हणून १८८९मध्ये त्यानं तिच्यावरून दुसरी केली, आणि आई-बहिणीसाठी लहान तिसरी. पहिली अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात, दुसरी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये, तिसरी पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात. भिंतीवरची चित्रं तिन्हींत वेगळी आहेत. तेव्हा निबंधात आवृत्ती, वर्ष, माप आणि संग्रहालय आधी लिहा. फोनवरच्या फोटोवरून तर रंगाबद्दल अक्षरही लिहू नये. पडदा बदलला की भिंत बदलते. आणि मूळ चित्रासमोर गेलात तर फोटो काढायच्या आधी पेन्सिलीनं दहा मिनिटं त्याची रेखाटणी करा. डोळ्याला न दिसलेलं हाताला दिसतं, हे मी ठामपणे सांगतो.

रंगाची परीक्षा अशी घ्या. प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा लेप, लावलेल्या जाड कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या करा. प्रत्येक रंगाचा एक ठिपका नुसता लावा, दुसरा भरपूर पांढरा मिसळून. पांढरा मिसळलेला आधी विटतो, म्हणून तोच महत्त्वाचा. वाळल्यावर एका पट्टीचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या कागदानं झाका, ती उन्हाच्या खिडकीत चिकटवा, मागे तारीख लिहा. दुसरी पट्टी बंद ड्रॉवरमध्ये ठेवा. तीन महिन्यांनी शेजारी शेजारी धरा, कोणता रंग विटला ते दिसेल.

ट्यूब घेताना नाव नको, बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. अलिझरिन क्रिम्झन या गडद लालाचं नाव मोठं, पण क्रमांक पी.आर. ८३ (पी.आर. म्हणजे पिग्मेंट रेड, लाल रंगद्रव्य) असेल तर उजेडात कच्चं. त्याऐवजी पी.व्ही. १९ (पी.व्ही. म्हणजे पिग्मेंट व्हायोलेट) हे क्विनाक्रिडोन नावाचं टिकाऊ रंगद्रव्य घ्या. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल, तर मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी मिश्रण आहे हे समजा. स्वस्त म्हणून वाईट असं नाही, पण मिसळल्यावर वागणूक बदलते.

कॅनव्हासचं थोडक्यात. उघड्या कापडावर तैलरंग लावू नका, तेलानं धागा कुजतो. अ‍ॅक्रिलिक प्राइमरचे दोन-तीन हात, आडवा मग उभा, मध्ये हलका पॉलिश पेपर. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. खालचे कमी, वरचे जास्त. उलट केलंत तर वरचा थर आधी सुकून ताठ होतो, खालचा सुकताना हलत राहतो आणि वरच्याला तडे जातात. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही. आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री तैलरंगाला हात लावू नका, तो रात्रीत वाळत नाही.

सादरीकरणात मित्र ‘छान’ म्हणून गप्प बसतात. त्यानं काहीच शिकायला मिळत नाही. ‘डाव्या कोपऱ्यात माझी नजर अडकते’, असं बोला, कुठे ते दाखवा, आणि का अडकते तेही सांगा. इतिहासाच्या वर्गातली रंग, रचना, माप, साहित्य ही भाषा इथं थेट कामाला येते.

उजेडाच्या परीक्षेची पट्टी आजच खिडकीत लावा, म्हणजे सत्र संपायच्या आत निकाल हाती येईल. नमस्कार.