दुखणं तिसऱ्या तासाचं

(दृश्य : रात्र. दोन लहान हात दप्तरात वह्या भरतायत, काढतायत, पुन्हा भरतायत.)

माध्यमिक शाळेत नुकत्याच गेलेल्या मुलीचं उद्याचं वेळापत्रक तिसऱ्यांदा तपासून झालंय. प्राथमिक शाळेत याची गरजच नव्हती. एक वर्ग, एक बाई, ठरलेली जागा. आता दर तासाला नवे शिक्षक आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. जुन्या शाळेत ती सगळ्यांत मोठी होती, इथे सगळ्यांत लहान आहे.

आपण विचारतो, "अभ्यास झेपतोय ना?" तिच्या डोक्यात भलतंच असतं. मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसायचं? बाथरूम कुठल्या मजल्यावर आहे? चुकून दुसऱ्याच वर्गात शिरले तर सगळे हसतील? आपल्या लेखी हे किरकोळ. पण बरोबरीची मुलं काय म्हणतील, हे याच वयात सगळ्यात जास्त बोचायला लागतं. बरं, यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं शाळा भरण्याआधी एक चक्कर मारली तरी मिळतात. फक्त वाट तिला शोधू द्या, आपण मागून चालायचं.

(दृश्य : सकाळ. पायात एकच बूट.)

"पोट दुखतंय."

नाटक? बहुतेकदा नाही. मन धास्तावलं की पचन बिघडतं, पोटात खरोखर कळ येते. "काही होत नाही, चल" म्हटलं, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, एवढंच. आणि घरी ठेवलं, तर आजची सुटका होते, उद्याची भीती वाढते. त्यापेक्षा विचारावं, "आज कुठला तास नकोसा वाटतोय?" मग कळतं, दुखणं पोटाचं नाही, तिसऱ्या तासाचं आहे. तिथे शिक्षकांशी दोन शब्द बोलता येतात.

झोपेचंही तसंच. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा येते. बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास झोप हवी, पुढे ८ ते १०. फोन रात्री दुसऱ्या खोलीत. आई-बाबांचासुद्धा.

बरीच मुलं हळूहळू रुळतात. पण दोन आठवडे झाले तरी जेवण, झोप, खेळ काहीच ताळ्यावर नसेल, तर समुपदेशकांना भेटावं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, १० ते १९ वयोगटात दर ७ मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. आणि स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर दोन आठवडे सोडाच, त्याच दिवशी मदत घ्यावी.

(दृश्य : संध्याकाळ. आई भांडी विसळतेय, ती पुसतेय. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत.)

"आज मी चुकून दुसऱ्याच वर्गात गेले."

"मग गं?"

"मग काय, अजून दोघी आल्या होत्या."