सुटी माशी

(दृश्य : इंदूर. रामबागेतलं घर, टेबलदिव्याखाली दोन हात.)

फाल्गुन लागला. इंदुरात पंखे सुरू झालेत, आणि माझे काका बर्फाळ नदीतल्या मासेमारीसाठी माशी, म्हणजे किड्यासारखं दिसणारं खोटं आमिष, बांधताहेत. छोटासा गळ, त्यावर तांब्याची तार. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली, केसासारखी बारीक. तिच्यावर कोंबड्याच्या पिसाचे चार तंतू. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी पीस आणि तार एवढ्यावरच अशी माशी बांधली. दोरासुद्धा लागला नाही. म्हणायला माशी, पण हिला पंख नाहीत. नदीच्या तळाशी दगडांना धरून राहणाऱ्या किड्याचं हे रूप. तांब्याच्या वजनानं ती तळाशी जाते, आणि थंडीच्या शेवटी मासाही तिथंच असतो.

(दृश्य : चिमणबाग मैदान, सकाळ.)

इथं तशी नदी नाही, म्हणून सराव गवतावर. गळाऐवजी दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा. आपल्याकडे गळ टाकतात तो शिशाच्या वजनावर जातो. फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे अशा माशीनं मासे धरताना, माशीचं वजन लांब फेकायला पुरत नाही. वजन असतं दोरीला. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मगच हात पुढे आणायचा. हे थांबणं मला दोन महिने जमलं नाही.

(दृश्य : तीर्थन नदी, कुल्लू जिल्हा.)

नोव्हेंबरपासून बंद असलेली ट्राउटची मासेमारी हिमाचलात 1 मार्चला खुली होते. काकांच्या खिशात मत्स्य विभागाचा परवाना आहे. ब्राउन ट्राउट मूळची इथली नाही. ब्रिटिशांनी ती गेल्या शतकाच्या सुरुवातीला आणून सोडली. तिला थंड, वाहतं, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. तीर्थन तशी राहिली, कारण इथल्या लोकांनी जलविद्युत प्रकल्पांना विरोध केला. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब त्यात पुढे होते.

काका पाण्यात उतरतात, पण स्वच्छ, सैल खडीवर पाय ठेवत नाहीत. हिवाळ्याच्या तोंडाशी मादीनं शेपटीनं अशीच खडी उकरून अंडी घातलेली असतात. अंडी, नाहीतर नुकती फुटलेली पिल्लं, अजून त्या फटींत असतील. "इथून नको. वरून वळसा घाल," ते मला म्हणतात. मी कॅमेरा घेऊन वळसा घालते.

थर्मामीटर पाच अंश दाखवतो. माशाचं अंग पाण्याइतकंच थंड, त्यामुळे भूकही मंद. धारेशी झुंजत राहण्याइतकी ताकद तो उगाच खर्च करत नाही; खोल डोहात, संथ पाण्यात पडून असतो आणि तोंडासमोर आलेलंच खातो. म्हणून अकरापर्यंत आम्ही नुसते बसतो. ऊन पाण्यावर यायला हवं.

मग खरी गोष्ट सुरू होते. वरचं पाणी धावतं, तळाचं रेंगाळतं. वरची धार दोरीला पोट पाडते आणि माशी ओढली जाते. किडा असा कधी पोहत नाही. मासा तिकडे बघणारही नाही. काका काठीचं टोक उचलून दोरीचं ते पोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला अलगद टाकतात. पुन्हा. पुन्हा. माशी दोरीला बांधलेली आहे, पण सुटी वाहिली पाहिजे. माझ्या मते सगळी विद्या एवढीच, आणि ती आयुष्यभर पुरते.

दोरी क्षणभर थबकते. काका काठी उचलतात.

आधी हात ओले करायचे. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो. पिवळसर पोट, काळे ठिपके, मधेच लाल. काका माशाचं तोंड प्रवाहाकडे धरतात, कल्ले हलेपर्यंत. मग तळव्यावर काहीच नसतं.

तीनच्या सुमारास ऊन डोंगराआड जातं. काका पुन्हा थर्मामीटर बुडवतात, बघतात, आणि दोरी गुंडाळायला लागतात.

"उद्या अकराला," ते म्हणतात.