दुसऱ्याचं कर्म सांगणारे

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय 'हिंदू आणि बौद्ध कर्मविचार : तौलनिक विवेचन' असा छापलाय. मथळा संयोजकांचा आहे. तो वाचूनही तुम्ही एवढ्या उकाड्यात आलात, म्हणजे तुमच्या खात्यावर संचित बरंच शिल्लक दिसतंय. तौलनिक विवेचन मी करणार आहे, काळजी नसावी. पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण मला जे म्हणायचंय ते तिच्यात आहे.

बृहदारण्यक उपनिषद. जनकाची सभा भरली आहे. सर्वांत ज्ञानी ठरेल त्याच्यासाठी शिंगांना सोनं बांधलेल्या हजार गाई बाहेर उभ्या आहेत आणि याज्ञवल्क्य ऋषी त्या आधीच हाकून न्यायला सांगून बसलाय. एकेक विद्वान उठून त्याला प्रश्न विचारतोय. त्यांत आर्तभाग नावाचा एक उठतो आणि विचारतो, माणूस मेल्यावर त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वायूत जातो, डोळे सूर्यात, मन चंद्रात. मग तो माणूस राहतो कुठे? याज्ञवल्क्य तोवर सगळ्यांना भर सभेत फटाफट उत्तरं देत होता. इथे मात्र तो म्हणतो, बाळा आर्तभागा, हात दे. हे आपण दोघांनीच जाणायचं, लोकांत नाही. दोघं बाहेर जातात. उपनिषद सांगतं की ते जे बोलले ते कर्माबद्दलच बोलले. पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो, पापाने पापी. आर्तभाग गप्प झाला.

आता ही गोष्ट लाउडस्पीकरवरून सांगणं हा विनोदच आहे, मला कळतंय. पण याज्ञवल्क्य त्याला बाजूला का घेऊन गेला असेल? भाष्यकार काय म्हणायचं ते म्हणोत, माझं म्हणणं असं की कर्म ही ज्याने त्याने स्वतःबद्दल विचार करायची गोष्ट आहे. ती दुसऱ्याबद्दल सुरू झाली की तिची चहाडी होते. आणि आपल्याकडे गेली कित्येक शतकं ही चहाडीच जोरात चालू आहे.

हे मला पुस्तकातून सुचलेलं नाही, खड्ड्यात सुचलं. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत कोणीतरी केबलसाठी रस्ता खणला आणि वर माती लोटून निघून गेलं. पाऊस पडला, माती बसली, पाणी साचलं. मी संध्याकाळी दूध घेऊन येत होतो. पुढचं तुम्ही ओळखलंत. घोट्याचं हाड मोडलं, दूध गेलं, पिशवी मात्र शाबूत राहिली. ती अजून वापरतो.

मग सुरू झाल्या भेटी. प्लास्टर घातलेला माणूस म्हणजे मोसंबी घेऊन येणाऱ्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. पहिल्या काकू म्हणाल्या, "जिवावरचं पायावर निभावलं हो!" हे मला मान्य. दुसरे गृहस्थ म्हणाले, साडेसाती असणार. पत्रिका मागितली. मी म्हटलं, नगरपालिकेची मागा. ते हसले नाहीत. तिसरे एक स्नेही, शिकलेले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मोसंबी सोलता सोलता, हो, माझीच मोसंबी, मला सांगितलं की मागच्या जन्मी तुम्ही कोणाची तरी वाट अडवली असणार. भोग आहे, भोगून संपवा. वर म्हणाले, तुमच्यासारख्या अभ्यासकाला मी काय सांगणार!

मंडळी, पंधरा-वीस माणसं येऊन गेली. माझ्या मागच्या जन्माची चौकशी झाली, शनीची झाली, मी बूट कुठले घातले होते याचीही झाली. रस्ता कोणी खणला, एवढं एकानेही विचारलं नाही. याच स्नेह्यांच्या मुलाला परदेशी नोकरी लागली तेव्हा ते काय म्हणाले होते? "पोराने खूप मेहनत केली." तिथे मागचा जन्म नाही! आपलं यश या जन्मीचं, दुसऱ्याचं दुखणं मागच्या जन्मीचं. आणि एखादा हॉर्न वाजवत पुढे घुसला आणि चौकात पोलिसाने अडवला, की आपण रिक्षात बसून समाधानाने म्हणतो, बघा, इथल्या इथे फेडलं. विश्वाचा न्याय आपल्याला पोहोचायला उशीर झाला तेवढ्यापुरताच.

त्या प्लास्टरमध्ये पडल्यापडल्या मी संयुत्त निकायातलं, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहातलं, सीवकाचं सुत्त पुन्हा काढलं. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, बुद्धाला विचारतो, काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणसाला जे जे सुख-दुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळे. आपलं काय मत? बुद्ध यादीच देतो. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिन्ही एकत्र बिघडल्यामुळे, काही ऋतू बदलल्यामुळे, काही वेडंवाकडं वागल्यामुळे, काही दुसऱ्याने केलेल्या आघातामुळे. आणि आठवं कारण कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. आठात एक! आणि हे माणसाला स्वतःलाच कळण्यासारखं आहे, लोकही ते खरं मानतात. तेव्हा सगळं पूर्वकर्मावर ढकलणारे या दोन्ही गोष्टींच्या पलीकडे धावतात, असं तो सांगतो. माझा खड्डा सातव्यात बसतो की सहाव्यात, यावर घरी मतभेद आहेत. पत्नी सहाव्याच्या बाजूने आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे तौलनिक विवेचन आता धावतपळत.

वैदिक काळात कर्म म्हणजे मुख्यतः यज्ञ, विधी. उपनिषदांत ते माणसाच्या वागण्यापर्यंत आलं. पुढे वेदान्तात संचित म्हणजे साठलेलं, प्रारब्ध म्हणजे फळ द्यायला लागलेलं, क्रियमाण म्हणजे आत्ता करतोय ते, अशी मांडणी झाली. सुटलेला बाण परत येत नाही, ते प्रारब्ध. म्हणून कोणी याला दैववाद म्हणतं. पण टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि 1915 मध्ये छापलेलं 'गीतारहस्य' उघडा. दहाव्या प्रकरणाचं नाव 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य'. दोन्ही एकाच मथळ्यात, मुद्दाम. बुद्धाने वेगळं काय केलं? कर्म म्हणजे चेतना, हेतू, असं अंगुत्तर निकाय या दुसऱ्या पाली संग्रहात स्वच्छ सांगितलं. विधी गेला, मनातला इरादा आला. आणि आत्मा नाही म्हटलं. मग फळ कोणाला मिळणार? मिलिंद या ग्रीक राजाने नागसेन या बौद्ध भिक्षूला हेच विचारलं. नागसेन म्हणाला, आंबे चोरणारा म्हणाला की मालकाने लावलेली कोय वेगळी आणि मी तोडलेले आंबे वेगळे, तर त्याला सोडशील का? राजा म्हणाला, नाही. त्या कोयीशिवाय हे आंबे आलेच नसते. कर्माचं आणि फळाचं नातंही तसंच.

आता माझ्या म्हणण्याला जिथे अडचण येते तिथे येतो. कर्म स्वतःबद्दल बोलावं, असं मी म्हणालो. चोखामेळा स्वतःबद्दलच बोलला. त्याच्या नावावरच्या अभंगात तो म्हणतो, पूर्वजन्मी कृष्णनिंदा घडली म्हणून हा जन्म, हा विटाळ आम्हाला पूर्वीचंच फळ. मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली दबून जो गेला, तो माणूस हे म्हणतोय. इथे चहाडी करणारा बाहेरचा दिसत नाही, कारण तो आत जाऊन बसलाय. आणि त्याचाच मुलगा कर्ममेळा देवाला विचारतो, 'आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती'. केली! कोणीतरी केली. बापाने पूर्वजन्माकडे बोट दाखवलं, मुलाने करणाऱ्याकडे.

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बौद्ध धम्म घेतला. त्यांच्या निधनानंतर, 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांनी कर्माचा नियम ठेवला, पण पूर्वजन्मीच्या कर्माने आजची गरिबी ठरते हे नाकारलं. गरिबांच्या, खालच्या मानलेल्यांच्या दशेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज अशा सिद्धांताचा दुसरा हेतू त्यांना दिसेना. बौद्ध परंपरेतल्या अनेकांना हे पटत नाही. मज्झिम निकायातल्या चूळकम्मविभंग सुत्तात दारिद्र्य पूर्वकर्माला जोडलेलं आहेच, असं ते म्हणतात, आणि तेही खरं आहे. दोन सुत्तांत निवड करायची तर मी सीवकाचं घेईन.

दुसरी चिठ्ठी आली. मीमांसकांचं अपूर्व, म्हणजे यज्ञ आणि त्याचं फळ यांना जोडणारी अदृश्य शक्ती, ते राहिलं, जैनांचं राहिलं. जैनांचा कर्मविचार तर या दोघांपेक्षा काटेकोर आहे, कर्माचे सूक्ष्म कण, त्यांचे आठ प्रकार. ज्यांना ऐकायचंय त्यांनी चहाच्या टेबलाशी मला गाठा, पाऊण तास सहज लागेल. अध्यक्ष नको म्हणून मान हलवताहेत.