मुंबईची रात्र काळीच राहू द्या

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. मला विषय दिलाय मोठ्या शहरातली नाइट फोटोग्राफी कशी शिकायची, तो मी आपला मुंबईपुरताच घेते, कारण मी डोंबिवलीची, रात्री कॅमेरा घेऊन जे काय हिंडते ते सीएसएमटीपासून वांद्र्यापर्यंत, त्यामुळे दिल्ली-टोकियोबद्दल बोलायचा मला काही अधिकार नाही.

तर रात्रीचा फोटो म्हटलं की सगळे सांगतात उजेड कमी असतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, चढवा, मोठ्या अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र मोठं असलेली, लेन्स घ्या. गावाला असाल तर ठीक आहे. मुंबईत उजेड कमी नसतोच हो, उलट नको तिथे नको तेवढा असतो. ज्वेलर्सचा एलईडी बोर्ड डोळ्यात घुसतोय, समोरून टॅक्सीचे हेडलाइट येतायत, आणि त्याला लागूनच जी गल्ली आहे ती मिट्ट काळी. हे दोन्ही एका फोटोत धरायचं म्हटलं की कॅमेऱ्याची फे फे उडते. आणि त्यात त्याचं उजेड मोजणारं मीटर असं बनवलेलं असतं की समोरचं सगळं सरासरी राखाडी पकडायचं, म्हणजे काळं दिसलं की तो बिचारा ते उजळवायला जातो, मग गल्ली दिसते पण ज्वेलर्सचा बोर्ड पांढरा फटक, एक अक्षर वाचता येत नाही, वर आकाश गढूळ केशरी. लोक म्हणतात कॅमेरा चांगला नाही. अहो कॅमेरा चांगलाच आहे, त्याला रात्र आहे हे कोणी सांगितलेलंच नाही.

मोबाइलवाल्यांचं तर आणखीनच. गूगलने २०१८ मध्ये नाइट साइट आणलं, मग आयफोन ११ पासून अ‍ॅपलचा नाइट मोड, आता सगळ्यांच्याच फोनमध्ये आहे. फोन एकाऐवजी बरेच फोटो पटापट काढतो आणि एकमेकांवर बसवून दाणे, म्हणजे फोटोतले खरखरीत ठिपके, घालवतो, करामत आहे यात वादच नाही. पण तो इतका उत्साही असतो की रात्री अकराची गिरगावची गल्ली संध्याकाळी पाचची वाटायला लागते. मला विचाराल तर रात्रीचा फोटो शिकणं म्हणजे निम्मं काम अंधार वाचवणं. फोनवर जिथे सगळ्यात झगझगीत आहे तिथे बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा, बोर्डावरची अक्षरं वाचता येईपर्यंत. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे त्याने ठरवलेला उजेड कमीजास्त करायची सोय, उणे एक, उणे दीड. गल्ली काळी झाली? होऊ द्या. गल्ली काळीच होती.

आता वेळ. पुस्तकात, यूट्यूबवर सगळीकडे सूर्यास्तानंतरच्या निळ्या आकाशाच्या वेळेला ब्लू अवर म्हणतात, आणि आपल्या मुलांना खरंच वाटतं की तासभर मिळणार. तो तास तिकडच्या लोकांचा. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्य मावळल्यावर क्षितिजाखाली सहा अंश जायला पाऊण तासाच्या वर घेतो कारण तो तिरका तिरका उतरतो, मुंबई १९ अक्षांशावर, आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो, वीस-पंचवीस मिनिटांत तेवढाच खेळ आटोपतो. म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण पंधराव्या मिनिटापासून तिसाव्या-पस्तिसाव्या मिनिटापर्यंत काय ते. तेवढ्यात आकाशाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा बरोबरीला येतात, इमारतीची कड आकाशापासून सुटी दिसते, पाच मिनिटं इकडेतिकडे झालं की गेलं. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास आणि जुलैत सव्वासातच्या पुढे असतो, त्यामुळे मागच्या महिन्यातली वेळ धरून निघू नका. ऑफिस सुटल्यावर बघू म्हणाल तर हिवाळ्यात निळं आकाश ऑफिसच्या खिडकीतूनच बघावं लागेल. ट्रायपॉड सूर्य असतानाच लावून, फ्रेम ठरवून, फोकस करून, मॅन्युअलवर टाकून उभं राहायचं, आणि मग चहा प्यायचा.

सीएसएमटीचंच घ्या. वास्तुविशारद स्टीव्हन्सने बांधलेली १८८८ ची इमारत, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत, समोर महापालिकेच्या कोपऱ्यावर फोटोसाठी जागाच करून दिलीय, त्यामुळे सगळे तिथेच. तिथून आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८, शटर चार ते आठ सेकंद उघडं, इथून सुरुवात करा आणि कमीजास्त करा. पण तिथली खरी गंमत रंगीत दिव्यांची आहे. घुमटावर निळा किंवा जांभळा एलईडी पडलेला असतो आणि तुमचा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, म्हणतो सगळं व्यवस्थित, घरी येऊन बघता तर दगडावरचं कोरीवकाम गायब, नुसता निळा ठिपका. कारण साधा हिस्टोग्राम लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांची बेरीज दाखवतो, एकटा निळा फाटलेला, म्हणजे तपशील जाईल इतका जास्त झालेला, असला तरी त्यात कळत नाही. आरजीबी हिस्टोग्राम चालू करा, तीन रंग वेगवेगळे दिसतात. आणि दिव्यांचे रंग बदलत असतील तर वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सगळे एकात एक मिसळून कसलाच रंग राहत नाही, तिथे दोन-तीन सेकंदांचंच काम.

रंगांवरून मरीन ड्राइव्ह आलंच. २०१५ साली तिथले पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तर केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, राणीचा हार चांदीचा केला म्हणून, मग पुन्हा पिवळसर आणले. राजकारण बाजूला ठेवा, फोटोवाल्यांच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती. सोडियमचा उजेड दोन हजार केल्विनच्या आसपास, केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा, आणि त्यात मुळात रंगच थोडे, पिवळ्या-केशरीचीच चलती. त्याच्याखाली निळा शर्ट काळपट दिसतो आणि एडिटिंगमध्ये कितीही सरकवा, जो रंग उजेडातच नव्हता तो येणार कुठून. एलईडीत बऱ्यापैकी सगळे रंग असतात, म्हणून ते सुधारता येतात. आता शहरात दोन्हींची खिचडी आहे, एका रस्त्याला पिवळा, पुढच्याला पांढरा, वर फार्मसीचा हिरवा. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं हे ठरवणारी कॅमेऱ्याची सोय, प्रत्येक फोटोला वेगळं काहीतरी ठरवतो. मी सरळ ३२०० ते ३५०० केल्विनवर लावून ठेवते आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढते. पिवळा दिवा थोडा पिवळा राहिला पाहिजे, तो दुधासारखा पांढरा केलेला मला तरी आवडत नाही.

एक छोटी पण त्रासदायक गोष्ट. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली फोटो काढला की आडवे काळे पट्टे येतात, बरोबर? आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात. मोठ्या एलईडी होर्डिंगचं गणित वेगळं असतं, तिथे शटर आणखी हळू करून बघायचं.

ट्रायपॉडबद्दल सगळे विचारतात कोणता घेऊ, पण तो कुठे उभा करू हे कोणी विचारत नाही. वांद्र्याच्या स्कायवॉकवर उभे राहून खालच्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा काढायच्यात, सुंदर जागा, पण एक माणूस धाडधाड चालत गेला की अख्खा स्कायवॉक हलतो आणि तीस सेकंदांचा फोटो गेला. डोळ्याला कळतसुद्धा नाही, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर झूम करून बघितलं की प्रत्येक दिव्याला शेपूट. यावर माझा उपाय असा की तीस सेकंदांचा एक काढायचाच नाही, दोन-दोन सेकंदांचे पंधरा काढायचे, जे हलले ते टाकून द्यायचे आणि उरलेले घरी लाइटन मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्यात उजळ तेच राहील असे, एकावर एक ठेवायचे. रेघा जुळतात, आणि हेडलाइट एका जागी साठून जळत नाहीत हा वरचा फायदा. बाकी नेहमीचंच, दोन सेकंदांचा टायमर, आणि लेन्सचं हादरे सावरणारं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद.

रेघांमध्ये मला सगळ्यात प्रिय होती ती बेस्टची डबलडेकर. खाली टेललाइटच्या लाल रेघा सगळ्यांच्याच, पण हिच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचा एक रुंद पट्टा हवेत तरंगत जायचा. जुन्या डिझेलच्या १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाल्या. आता विजेवरच्या एसी आहेत, पट्टा त्यांचाही येतो, पण काच बंद आणि काळसर, त्यामुळे फिका.

चंद्र. दर पौर्णिमेला मंडळी समुद्राकडे तोंड करून बसलेली असतात आणि चंद्र त्यांच्या पाठीमागे उगवतो! आपला समुद्र पश्चिमेला, पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला. मलबार हिलवर कमला नेहरू पार्कच्या बाजूने बघाल तर शहरावर उगवताना मिळेल. पण पौर्णिमेला तो उगवेपर्यंत आणि धुरकटातून वर येईपर्यंत आकाश काळं होतं, आणि मग चंद्र हवा तर इमारती जातात, इमारती हव्या तर चंद्राची जागा पांढरी थाळी. चंद्रावर ऊन पडलेलं असतं हे लक्षात ठेवा, त्याला आयएसओ १०० ला एफ ११ आणि १/१०० पुरतं, शहराला काही सेकंद लागतात. म्हणून आदल्या दिवशी जा. चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो, म्हणजे आदल्या दिवशी तो सूर्य मावळायच्या आधीच वर आलेला असतो, आणि त्या निळ्या वीस मिनिटांत दोघांचा उजेड बराच जवळ येतो. चतुर्दशीचा चंद्र किंचित चपटा असतो, फोटोत कोणाच्या लक्षात येत नाही.

तारे वगैरे मुंबईत विसरा.

ट्रायपॉडशिवाय जे काढायचं ते मला जास्त शिकवून गेलं. पावभाजीची गाडी घ्या. तव्याच्या वर एक बल्ब लटकलेला असतो, गाडीवाला लोणी टाकतो, वाफ उठते. समोरून काढाल तर वाफ दिसतच नाही, मागचे सगळे बोर्ड दिसतात. चार पावलं बाजूला सरका, असं की बल्ब गाडीवाल्याच्या डोक्यामागे किंवा खांबाआड लपेल आणि तव्याच्या मागे अंधार येईल. आता उजेड वाफेच्या मागून येतोय, आणि तीच वाफ एकदम उठून दिसते, लोण्याचा शिंतोडासुद्धा चमकतो. पन्नास एमएमची एफ १.८ ची लेन्स, शटर १/१००, आयएसओ १६००, आणि तव्यावरची चमक जळू नये एवढं कमी करायचं. इथे अंधार नसता तर फोटोच नव्हता. दादरच्या फुलबाजारात पहाटे हेच, उघड्या दिव्याखाली झेंडूचे ढीग, केशरी इतका पेटतो की पाकळी न् पाकळी एक होते, एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्म्यावर, आणलं की पाकळ्या परत सुट्या.

आणि विचारायचं. “दादा, एक फोटो काढू का?” एवढंच, आणि काढल्यावर दाखवायचा. गर्दीची वेळ असेल तर आधी एक प्लेट घ्यायची. फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा फोटो मात्र काढू नका, मी स्पष्टच सांगते. त्याच्याकडे दार लावून घ्यायची सोय नाही म्हणून तो तुमच्यासमोर झोपलाय. स्पर्धांमध्ये असले ब्लॅक अँड व्हाइट फोटो येतात, खाली भारदस्त इंग्लिश ओळ, मी परीक्षक असले तर बाजूला ठेवते.

पोलिसांचं म्हणाल तर हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कोणी काही म्हणत नाही, ट्रायपॉड उघडला की शूटिंग समजतात, परवानगी विचारतात. वाद घालू नका, फोटो दाखवा, आवरा. स्टेशनच्या हद्दीत परवानगीशिवाय नाहीच, नेव्हीच्या गोदीकडे आणि विमानतळाच्या कुंपणाकडे लेन्स रोखायची नाही. मुलींना माझं सांगणं, दोघी-तिघी जा, टपरी उघडी आहे असाच कोपरा निवडा, आणि शेवटची लोकल चुकेल इतकं कुठलंच दृश्य सुंदर नसतं. पावसाळ्यात रस्ता ओला झाला की खालून दुसरी मुंबई मिळते, फुकट, पण एसी लोकलमधून किंवा कॅबमधून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढलात तर गार काचेवर दमट हवेचं पाणी धरतं, पुसलं तरी परत. बॅगेतच अर्धा तास राहू द्या. घरी आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात ठेवली की लेन्समध्ये बुरशी, सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा, तो स्वयंपाकघरातला असला तरी चालतो.

प्रश्न आलाय, फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेऊ का, माझ्या कॅमेऱ्यात दाणे फार येतात. दाणे बहुतेक वेळा आयएसओने कमी आणि नंतर एडिटिंगमध्ये काळोखी भाग उजळवणारा शॅडोचा स्लायडर वर ओढल्याने जास्त दिसतात, तर आधी तो स्लायडर सोडा. ट्रायपॉडवर आयएसओ १०० ला तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात आणि फुल फ्रेममध्ये, आपण जेवढ्या आकाराचे फोटो बघतो तेवढ्यात, फारसा फरक दिसणार नाही. हातात धरून, आयएसओ ३२०० च्या वर, लग्नकार्यात वगैरे काम करणार असाल तर घ्या. नाहीतर त्यातल्या थोड्या पैशांत बऱ्यापैकी जड ट्रायपॉड येतो. हो, जडच. जड घरीच पडून राहतो म्हणून लोक हलका घेतात, आणि मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात तो हातानेच धरून उभे राहतात.