'नाही' या उत्तराचे चार अर्थ

श्रोतेहो, नमस्कार. वाचनालयाच्या देवघेव खिडकीशी सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर कोणतं? 'हे पुस्तक नाही.' बरेचजण तेवढ्यावर माघारी फिरतात. पण या 'नाही'चे निदान चार अर्थ असतात. पुस्तक ग्रंथालयानं घेतलेलंच नसतं. किंवा घेतलेलं असतं, पण दुसऱ्या सभासदाकडे गेलेलं असतं. कधी ते बांधणीला गेलेलं असतं. आणि कधी कपाटातच असतं, पण तुम्ही सांगितलेल्या नावाखाली सापडत नाही. हा चौथा प्रकार वाटतो त्याहून बराच जास्त, म्हणून आज मुंबईतल्या वाचनालयांविषयी बोलताना त्याला थोडा अधिक वेळ देणार आहे.

त्याआधी पैशांचं बोलून टाकू. सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे फुकट, अशा समजुतीनं आलेला माणूस फलकावरचे आकडे पाहून बिचकतो. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकारनं काढलेली नाहीत, लोकांनी संस्था स्थापून उभी केली आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून पाच वर्षांनी थोरलं, १८९३चं. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीनं अनुदान मिळू लागलं. पण काही राज्यांत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर घेतात, तशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे वर्गणी आली.

पहिल्या दिवशी साधारण तीन रकमा भराव्या लागतात: प्रवेश शुल्क, अनामत आणि आगाऊ वर्गणी. समजा प्रवेश शुल्क २० रुपये, अनामत ५०० आणि वर्गणी महिना १०० प्रमाणे तीन महिन्यांची, तर पहिल्या दिवशी ८२० रुपये लागतील. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, प्रत्येक ठिकाणचे दर वेगळे. यातली अनामत तुमचीच राहते, सभासदत्व सोडताना परत मिळते. पण त्या वेळी अनामतीची मूळ पावती मागतात, आणि दहा वर्षांनी ती नेमकी सापडत नाही. तेव्हा ती घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा, मोबाइलवर तिचा फोटोही काढून ठेवा. आणखी एक. अनामत ५०० आणि पुस्तकाची किंमत ८०० असेल, तर ते पुस्तक देताना जादा अनामत मागितली जाऊ शकते. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. पुस्तक परत आलं नाही तर संस्थेला ते बाजारातून पुन्हा विकत घ्यावं लागतं.

जाताना ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत, दोन छोटे फोटो आणि सुटे पैसे न्या. काही ठिकाणी जुन्या सभासदाची शिफारस लागते. वेळ आधी फोन करून विचारा. अनेक वाचनालयं सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही.

आता पुस्तक शोधण्याकडे येऊ. तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी, आडनावावर लावलेली असते, आधी आडनाव आणि मग नाव. टोपणनावानं लिहिणाऱ्यांची इथंच पंचाईत होते. कुसुमाग्रजांच्या कविता हव्या असतील तर एका ग्रंथालयात त्या 'कुसुमाग्रज' खाली असतात, दुसऱ्यात 'शिरवाडकर, वि. वा.' खाली. गोविंदाग्रज आणि गडकरी यांचंही तेच. चांगल्या तालिकेत एका नावाखाली 'दुसरं पाहा' अशी नोंद असते. ती नसेल तर दोन्ही नावांखाली स्वतः पाहावं.

संगणकावर शोधताना वेगळी मेख आहे. १९६२ साली लेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर 'कांहीं', 'नांव' असं छापलेलं आहे आणि नोंद करणाऱ्यानं पुष्कळदा तसंच उतरवलेलं असतं. तुम्ही 'काही' टाइप केलंत की संगणक सरळ 'नाही' म्हणतो. उपाय सोपा आहे. पूर्ण नाव टाकू नका, शीर्षकातला अनुस्वार नसलेला एखादा ठळक शब्द टाका. कार्डांच्या जुन्या खणांत 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे आहेत तेही विचारून घ्या. कुणी 'क्ष' हा 'क'मध्ये लावतं, कुणी 'ळ'नंतर शेवटी.

पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी वाचता आली की निम्मं काम होतं. वरचा आकडा वर्गांक, म्हणजे विषय. विषयांना आकडे देण्याच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, त्यापुढे १ आला तर कविता, २ आला तर नाटक, ३ आला तर कथा-कादंबरी. त्याखाली लेखकाचा अंक. आतल्या पानावर शिक्क्यात असतो तो दाखल क्रमांक, तो त्या एकाच प्रतीचा. फक्त देवघेव करणाऱ्या लहान वाचनालयांत मात्र दशांशांची भानगड नसते. तिथं कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास असे विभाग आणि साधे क्रमांक असतात, आणि रोजच्या वाचकाला तेच सोयीचं पडतं.

पुस्तक बाहेर गेलं असेल तर मागणी नोंदवा. ग्रंथालयात नसेलच तर सूचनांच्या वहीत लिहून ते खरेदीसाठी सुचवा; फक्त नाव नको, लेखक, प्रकाशक आणि आवृत्तीचं वर्षही लिहा. अनुदान हप्त्यांनी येतं, खरेदी त्या बेतानं होते, तेव्हा लगेच पुस्तक आलं नाही म्हणून वही कुणी वाचत नाही असं समजू नका. आणि एक गंमत सांगतो. सगळ्यांत चांगलं कपाट कोणतं, तर नुकतीच परत आलेली आणि अजून जागेवर न लावलेली पुस्तकं ठेवतात तो टेबल. शेजारपाजारचे लोक खरोखर काय वाचतात ते तिथं दिसतं.

जवळच्या वाचनालयात काहीच मिळालं नाही तर फोर्टात, टाउन हॉलच्या इमारतीतल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जावं लागतं. १९५४च्या कायद्यानुसार देशातल्या प्रत्येक प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत त्याच्या प्रती ठरावीक चार ग्रंथालयांना पाठवायच्या असतात: कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि आपलं मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. सगळेच प्रकाशक हे पाळत नाहीत, तरी दुर्मीळ पुस्तकासाठी तिथली तालिका पाहिल्याशिवाय हार मानू नये. याच इमारतीत १८०४ साली स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी आहे, आणि लोक या दोहोंत घोटाळा करतात. ती वेगळी संस्था, तिचं सभासदत्वही वेगळं. समोरच्या पायऱ्या ३० आहेत, ज्येष्ठांनी हे लक्षात ठेवून निघावं.

संदर्भ विभागात पुस्तक घरी मिळत नाही. तिथं पिशवी बाहेर ठेवायची, मागणी चिठ्ठीवर वर्गांक आणि दाखल क्रमांक लिहून द्यायचा आणि शक्यतो पेन्सिलनं टिपणं काढायची, कारण शाईचा थेंब पानावरून निघत नाही. बंद व्हायच्या बऱ्याच आधी चिठ्ठ्या घेणं थांबतं, म्हणून शेवटच्या तासात जाऊन उपयोग नसतो. जुनं वर्तमानपत्र हवं असेल तर विषय सांगू नका, तारीख सांगा. अंक महिन्यावार बांधलेले असतात, विषयांची सूची बहुधा नसते. आधी पुस्तकांतून घटनेची तारीख शोधा, मग पुढचे तीन-चार दिवस चाळा, कारण तेव्हा बातमी उशिरा छापली जाई. झेरॉक्सला नकार मिळाला तर वाद घालू नका. काचेवर दाबताना ठिसूळ कागद शिवणीपाशी तुटतो. फोटो काढायची परवानगी मात्र विचारावी.

अभ्यासिका हे वेगळंच खातं. घरी जागा नसलेली मुंबईची मुलं तिथं दिवस काढतात. शुल्क निराळं असतं आणि परीक्षांच्या हंगामात प्रतीक्षा यादी लागते. पुस्तकांचा सभासद झाल्यानं खुर्ची मिळत नाही.

दिवाळी अंकांसाठी बरीच वाचनालयं स्वतंत्र योजना काढतात. ऑक्टोबरातच नाव नोंदवा. पहिल्या दोन आठवड्यांत चांगले अंक फिरायला लागतात, आणि जो दोन दिवसांत अंक परत करतो त्याच्या वाट्याला जास्त अंक येतात. महिन्याला दोनच वाचून होणार असतील तर या योजनेत पडू नये, विकत घेतलेले बरे.

पावसाळ्यात पिशवीत एक प्लास्टिकची थैली कायम असू द्या. पुस्तक भिजलंच तर उन्हात ठेवू नका, पानं वेडीवाकडी होतात. पानांमध्ये कोरा शोषक कागद घालून पंख्याखाली ठेवा, कागद ओला झाला की बदला. गुळगुळीत कागदाची पानं चिकटली असतील तर ओढू नका, तसंच पुस्तक ग्रंथपालांकडे नेऊन द्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर मुळीच लावू नका. तो काही वर्षांत पिवळा पडतो, सुटतो आणि जाताना अक्षरं घेऊन जातो. फाटलेला तुकडा त्याच पानात ठेवा आणि परत करताना खिडकीशी सांगा. पुस्तक मग बांधणीला जाईल. पुढच्या माणसाला काही दिवस 'नाही' असं उत्तर मिळेल, ते या कारणानं.

नमस्कार.