वरचा भाव

नमस्कार. संयोजकांनी मला विषय दिला आहे 'रोजचं जेवण लक्ष देऊन जेवणं'. मी आहारतज्ज्ञ नाही. तेहतीस वर्षं बँकेत नोकरी केली. जन्मले आणि वाढले मात्र माथेरानला, बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत. त्यामुळे मी जेवणाबद्दल बोलायला लागले की गाडी आधी ओझ्यावर येते. आजही तसंच होणार, तेवढं सांभाळून घ्या.

माथेरान तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेला, 1907 मध्ये पीरभॉय घराण्याने नेरळहून छोटी गाडी वर नेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून, सुमारे एकवीस किलोमीटर. हे सगळं घोडेवालासुद्धा सांगतो. पण आमच्या घराचं गणित वेगळ्याच गोष्टीवर चालायचं. त्या डोंगरावर जांभ्याची तांबडी माती आहे आणि दाट जंगल आहे. तिथे भात होत नाही, कांदा होत नाही, गहू होत नाही. सुमारे 800 मीटर उंचीवरच्या त्या गावात जे शिजतं त्यातलं जवळजवळ सगळं खालून वर आलेलं असतं. आणि गावात मोटारीला बंदी. म्हणजे तेव्हा गाडीच्या डब्यातून, घोड्याच्या पाठीवरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून, एवढ्याच वाटा होत्या.

बाबांच्या वहीत प्रत्येक जिनसापुढे दोन रकाने असायचे. 'नेरळचा भाव' आणि 'वरचा भाव'. नवीन गिऱ्हाईक, त्यातही मुंबईहून आलेलं, हमखास विचारायचं, तांदूळ इथे महाग का हो? बाबा वाद घालायचे नाहीत. दुकानाच्या पायरीवर कोणीतरी नुकतंच ओझं उतरवून बसलेलं असायचं, चुंबळ मांडीवर आणि गळ्यात घामाने भिजलेला पंचा. बाबा नुसतं तिकडे बघायचे. बहुतेकांना तेवढ्यात कळायचं.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते अंड्यांचं. आमच्याकडे अंडी आणणारे एक मामा होते. नातं काही नाही, पण आम्ही मामाच म्हणायचो. पाटीत पेंढा, पेंढ्यावर अंड्यांचा थर, परत पेंढा, परत थर. चढणीला पाय घसरू नये म्हणून ते पावसाळ्यात अनवाणी यायचे. पाटी खाली ठेवली की पहिलं वाक्य ठरलेलं : "आज तीन." तीन फुटली. त्यांनी ते कधी लपवलं नाही आणि बाबांनी त्याचे पैसे कधी कापले नाहीत. फुटलेली अंडी आई लगेच वाटीत काढून घ्यायची, कवचाचे तुकडे बोटाने वेचायची आणि कांदा-मिरची घालून तव्यावर टाकायची. आम्ही भावंडं चार, आजी, आई-बाबा आणि मामा. तीन अंडी, आठ माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला चमचा-दीड चमचा. तो चमचा मी जिभेवर किती वेळ ठेवायचे ते आजही आठवतं. कोणी मला 'हळू खा' म्हणून सांगितलेलं नव्हतं. पाटी डोक्यावरून उतरताना मी पाहिली होती, बस्स.

मला आज जे म्हणायचंय ते खरं तर एवढंच आहे. लक्ष देऊन खायची सवय आम्हाला कोणी लावली नाही. अन्नाची वाट दिसत होती, म्हणून लक्ष आपोआप जायचं. आता वाट दिसत नाही.

ती सगळ्यात जास्त दिसायची मे महिन्याच्या शेवटी, आगोट भरताना. पावसाळ्यात छोटी गाडी बंद व्हायची, वाटा निसरड्या व्हायच्या, पर्यटक नाही म्हणजे हातात पैसाही नाही. चार महिन्यांची बेगमी घरात आली पाहिजे. तांदूळ, कडवे वाल, चिंच, आमसुलं, खडेमीठ, कांद्याच्या माळा, सुके बोंबील, जवळा, सोडे, आणि माळ्यापर्यंत रचलेलं सरपण. आजी सुपात वाल घेऊन बसायची आणि किडका दाणा निवडून टाकायची. टाकायची म्हणजे फेकायची नाही, कोंबड्यांना. तिच्या सुपातून सुटलेला चांगला दाणा मी उचलून परत आणून द्यायचे. जुलैत, धुकं घराच्या आत शिरलेलं असताना, ताटातलं बिरडं बघितलं की हा दाणा मे महिन्यात मी उचलला होता का, असा विचार खरंच यायचा. चार महिने तेच वाल. कंटाळा आला होता का? आला होता की. पण त्या वालाला कधी मोड चांगले यायचे, कधी खोबरं जास्त असायचं, कधी आई शेवटी आमसूल घालायला विसरायची, हे सगळं आम्हाला कळायचं. रोज एकच पदार्थ खाणारा माणूस त्यातले फरक ओळखतो.

आणि पावसाळ्याच्या तोंडाशी शेवळं. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाड्यांतल्या बाया जुड्या बांधून वर यायच्या. शेवळं म्हणजे जमिनीतून वर आलेले लांब कोंब, मधला दांडा जांभळट-तपकिरी. त्या जुडीबरोबर त्या चार-पाच हिरवी फळं द्यायच्याच, काकडं. ती घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या कण्या असतात. काकडाचा नाहीतर चिंचेचा आंबटपणा हवाच. एकदा आईने घाईत काकडं कमी घातली. पहिल्या घासालाच सगळ्यांचे हात थांबले. आजीने ताक आणवलं, मग कढईत चिंचेचा कोळ ओतून भाजी परत उकळली. सांगायचं काय, काही अन्न असं असतं की ते तुम्हाला बेसावध राहूच देत नाही. त्या बायांना ते पिढ्यान्पिढ्या माहीत होतं. जुडीबरोबर ज्ञानसुद्धा त्या फुकट देत होत्या, आणि भाव करताना आपण त्याचा हिशोब कधी धरला नाही. याचं मला आज फार वाईट वाटतं.

आता करवंदं. अमेरिकेत 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणतणावावरचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यातला एक मनुका खाण्याचा प्रयोग जगभर गेला. एक मनुका हातात घ्यायचा, न्याहाळायचा, वास घ्यायचा, मग सावकाश चावायचा. माझ्या भाचीने पुण्यात पैसे भरून असं शिबिर केलं आणि मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. शिबिराबद्दल माझी काही तक्रार नाही, तिला खरंच उपयोग झाला. पण मी तिला विचारलं, अगं, तू लहानपणी कोंबडा-कोंबडी खेळली नाहीस का? इथे किती जण खेळलेत? हात वर करा. बघा, निम्म्याच्या वर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. करवंद अर्धं चावायचं, पण त्याआधी समोरच्याने ओळखायचं, कोंबडा की कोंबडी? आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आम्ही शाळेतून येताना पानाचा द्रोण भरून करवंदं घ्यायचो आणि पायरीवर बसून खेळायचो. आता विचार करा, या खेळात एकही करवंद न बघता तोंडात जाऊ शकत नाही. प्रत्येक फळ थांबून, चावून, उघडून बघायचं, चीक ओठाला चिकटायचा, बिया थुंकायच्या. वीस करवंदांना अर्धा तास. कोणीतरी, कधीतरी, मुलांनी फळ सावकाश खावं म्हणून हा खेळ काढला असेल असं मी म्हणत नाही. पण खेळाने ते काम केलं.

मग मी लग्न होऊन इकडे आले आणि बँकेत लागले. एक प्रसंग सांगते. मार्चचा शेवटचा आठवडा, हिशोब बंद करायचे दिवस. दुपारी तीनच्या सुमाराला भूक लागल्यासारखं वाटलं म्हणून मी डबा उघडला. डबा रिकामा. दोन क्षण मला काही कळेना. झाकणाच्या कडेला मेथीचं एक पान चिकटलेलं होतं. म्हणजे मी जेवले होते. दीड वाजता, संगणकासमोर, चार पोळ्या आणि मेथीची भाजी. ती मेथी मीच आदल्या रात्री अकरा वाजता निवडली होती. त्या पानाकडे बघून मला रडू आलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना वाटलं हिशोबात फरक निघाला.

शरीराचं यात काय होतं ते थोडक्यात. जठर ताणलं गेलं की तिथल्या नसा मेंदूला कळवतात. अन्न लहान आतड्यात पोचलं, विशेषतः स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं, की तिथून संप्रेरकं सुटतात, तीही 'पुरे' असाच निरोप देतात. या सगळ्याला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत डबा संपवला तर निरोप यायच्या आधी डबा बंद झालेला असतो. आणि पोट जरी भरलं तरी मन जेवलेलं नसतं, त्यामुळे पाच वाजता फरसाणाची पिशवी उघडते. माझी उघडायची.

आजी म्हणायची, नाचणीची भाकरी गोड लागेपर्यंत चाव. आम्हाला ते नुसतं म्हातारीचं बोलणं वाटायचं. लाळेतलं एक पाचक द्रव्य पिष्टाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं, म्हणून खरंच गोड लागते. उद्या करून बघा. गूळ नको, दूध नको, कोरडा तुकडा, तीस-चाळीस वेळा चावा.

चरकसंहितेत जेवणाचे नियम आहेत. न बोलता, न हसता, 'तन्मना' होऊन जेवावं. तन्मना हा शब्द मला फार आवडतो, मन त्यातच असलेला. पण न बोलण्याचं मला पटत नाही. आमच्या घरी ताटावर बोलणं व्हायचं, ते ताटातल्या गोष्टींबद्दल. आज नेरळला वांगी कशी होती, घोडा वाटेत का बसला, दूध फाटलं ते खालच्या धनगरवाड्यावरून यायला उशीर झाला म्हणून. अशा बोलण्याने मन ताटातून बाहेर जात नाही, उलट ताटात येतं. बातम्या लावल्या की जातं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. डोंगरातल्या बालपणाच्या आठवणी सांगताना आम्ही पायरीवर बसून करवंदं खाणारी मुलं असतो. ओझं उचलणारा दुसराच कोणीतरी असतो. मामांची मान डावीकडे कायमची कलली होती. ते दुपारी आमच्याच पायरीवर फडकं सोडायचे. तांदळाची भाकरी, लाल मिरचीची चटणी, कांदा. कांदा बुक्कीने फोडायचे. पहिला तुकडा मोडायच्या आधी फडक्याची चार टोकं नीट सरळ करायचे, मग दोन्ही हात मांडीवर ठेवून क्षणभर नुसते बसायचे. ते हात जोडत नव्हते. हात थरथरत असायचे, ते थांबायची वाट बघायचे. हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला वाटायचं मामा देवाचं नाव घेतात.

याच माथेरानात 1912 मध्ये भाई कोटवाल जन्मले. 1943 मध्ये सिद्धगडावर इंग्रजांशी लढताना ते हुतात्मा झाले, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी त्यांनी सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं चालवली, ते कमी लोकांना माहीत असतं. ताटातल्या भातामागे कोणाची उपासमार आहे हे त्या माणसाला दिसलं होतं. लक्ष देऊन जेवणं म्हणजे फक्त स्वतःच्या जिभेकडे आणि पोटाकडे लक्ष देणं, असं मी म्हणूच शकत नाही. 2022 च्या शेवटी माथेरानला ई-रिक्षा आल्या, 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या रिक्षा बंद करायला सांगितलं. मला आनंद झाला. वरचा भाव कोणाच्या मानेने चुकता होऊ नये.

आता मी घरी काय करते, हे शेवटी विचाराल म्हणून आत्ताच सांगते. फोन दुसऱ्या खोलीत. ताटात आधी कमी वाढून घेते, दुसऱ्यांदा घ्यायच्या आधी पाणी पिते आणि थांबते. आणि रोज ताटातल्या एका, फक्त एका गोष्टीची वाट शोधते. भाजीवालीला विचारते, गवार कुठली? ती सांगते, जुन्नरची. कुठून चढली, रात्री किती वाजता निघाली, वाशीला कोणी उतरवली? कधी माहीत असतं, कधी नसतं. आमचे हे सुरुवातीला वैतागायचे. आता तेच बाजारातून येताना विचारून येतात.

वेळ संपली, घंटा वाजलीच आहे. जाताना दाराशी टेबलावर पाटी ठेवली आहे. आज सकाळी नेरळ स्टेशनबाहेर ठाकरवाडीच्या एका बाईकडून घेतलेली करवंदं आहेत. पहाटे चारला काढायला गेली होती ती, हाताला काट्यांचे ओरखडे होते. सांगितला तो भाव दिला. माणशी आठ-दहा येतील. पांढऱ्या कपड्यांना जपा, चीक लागला की निघत नाही. आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला चावायच्या आधी विचारा, कोंबडा की कोंबडी.